जुन्या ओकचे वय आणि पॉलिशखालचे धोके

माणसाचे वय ठरवणे हे न्यायवैद्यकशास्त्रातले नेहमीचे काम आहे. जन्मदाखला नसतो, नातेवाइकांचे सांगणे एकमेकांशी जुळत नाही, आणि न्यायालयाला मात्र उत्तर हवे असते. अशा वेळी डॉक्टर एकाच खुणेवर विसंबत नाहीत. दात मोजतात, मनगटाचा आणि कोपराचा एक्स-रे काढतात, हाडांची टोके सांधली गेली आहेत का ते पाहतात आणि शेवटी ‘अमुक ते तमुक वर्षे’ असा पल्ला लिहून देतात. नेमकी तारीख कोणी लिहीत नाही, कारण शरीर ती सांगत नाही.

जुन्या लाकडी सामानाचेही असेच असते. आज आरोग्याच्या या सदरात सुतारकाम कुठून आले, असे वाटेल. पण कारण आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा लशी आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन येतात, तेव्हा गप्पांमध्ये अधूनमधून एक नवीन गोष्ट निघते. तिकडे घर सोडणाऱ्या किंवा वारलेल्या वृद्धांचे सामान घरातूनच विकले जाते. त्यात शंभर वर्षांचे ओकचे टेबल, कपाट, कधी बाळाचा पाळणा स्वस्तात मिळतो. मग सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये तो घासून, जुना रंग काढून नवा करायचा बेत ठरतो. घरात गर्भवती सून किंवा रांगणारे मूल असते. ‘लाकूडच तर आहे, त्यात काय अपाय?’ असा प्रश्न येतो. अपाय आहे की नाही, हे ते लाकूड कधीचे आणि त्यावर काय लावले आहे, यावर बरेच अवलंबून असते. म्हणून आधी वय, मग उपचार.

आधी रुग्णाचा इतिहास

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगल्या घरात अक्रोड आणि महोगनीच्या लाकडाची चलती होती. अक्रोडाची मोठी झाडे कमी होत गेली आणि १८८०च्या सुमारास कारखानदार ओककडे वळले. मिशिगन राज्यातले ग्रँड रॅपिड्स हे शहर या धंद्याचे केंद्र बनले. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला स्वातंत्र्याच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले, त्यात इथल्या कारखान्यांचे काम देशभर नजरेत आले. पुढची चाळीसेक वर्षे, म्हणजे साधारण १८८० ते १९२०, हा ‘गोल्डन ओक’चा काळ मानला जातो. मधासारखा पिवळसर रंग, चकचकीत पॉलिश, दाबून उठवलेली नक्षी आणि वाफेवर चालणाऱ्या यंत्रांनी केलेले काम ही त्याची ओळख.

हे सामान श्रीमंतांपुरते राहिले नाही. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये टपालाने माल विकायला सुरुवात केली होती. पुढे सीअर्स, रोबक कंपनीचे जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्यांच्या घरी पोचू लागले आणि खुर्च्या-टेबले रेल्वेने गावोगाव गेली. बफेलो शहरातली लार्किन ही साबणाची कंपनी तर मोठ्या खरेदीवर ओकचे लिहायचे टेबल बक्षीस देत असे. त्यामुळे आजही अनेक अमेरिकी घरांत ‘लार्किन डेस्क’ सापडते. इंडियानातल्या हूजिअर कंपनीचे स्वयंपाकघरातले कपाट असेच लोकप्रिय होते. त्यात पीठ साठवायची टाकी आणि खाली चाळण बसवलेली असे.

या चकचकाटाला कंटाळून दुसरा पंथ निघाला. गुस्ताव्ह स्टिकली याने १९०१ मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक सुरू केले आणि सरळ रेषांचे, जाड पायांचे, गडद तपकिरी, नक्षी नसलेले सामान बनवले. त्याला ‘मिशन’ शैली म्हणतात. १९१५ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, मासिकही पुढच्या वर्षी बंद पडले. आज त्याच सामानाला सर्वाधिक भाव आहे आणि म्हणून नकलाही त्याच्याच जास्त.

हा ओकच आहे का?

ओकच्या लाकडात उघड्या डोळ्यांना दिसणारी छिद्रे असतात. वसंतात वाढलेल्या भागात ती मोठी, उन्हाळ्यातल्या भागात बारीक, आणि त्यामुळे वार्षिक वलये ठळक दिसतात. पण खरी ओळख मज्जाकिरणांची. झाडाच्या गाभ्याकडून सालीकडे आडव्या जाणाऱ्या या पेशींच्या पट्ट्या अन्नाची ने-आण करतात. ओकमध्ये त्या विलक्षण रुंद असतात. ओंडका आधी चार भागांत चिरून मग फळ्या काढल्या, तर करवत या किरणांना जवळजवळ समांतर जाते आणि फळीवर चकाकणारे, वाघाच्या पट्ट्यांसारखे ठिपके उमटतात. अशी चिराई महाग, कारण लाकूड वाया जाते आणि वेळही लागतो. पण अशी फळी कमी वाकते.

महाग वस्तू म्हटली की नक्कल आलीच. त्या काळी एल्म किंवा ॲशच्या स्वस्त लाकडावर हे ठिपके शाईसारखे छापले जात. कॅटलॉगमध्ये ते ‘इमिटेशन’ म्हणून स्पष्ट लिहिलेलेही असे. तपासायची रीत सोपी आहे. भिंग घेऊन पाहा. खऱ्या ओकमध्ये ठिपका लाकडाच्या रंध्रांच्या मधूनच आलेला असतो आणि फळीच्या कडेपर्यंत त्याचा माग काढता येतो. छापील ठिपका रंध्रांवरून बेधडक जातो, ठरावीक अंतराने पुन्हा तसाच दिसतो आणि झिजलेल्या जागी गायब झालेला असतो.

ओकचे अमेरिकेत दोन मोठे गट आहेत, पांढरा आणि तांबडा. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या वाहिन्या फुग्यांसारख्या वाढलेल्या पेशींनी बुजलेल्या असतात, गुठळीने बंद झालेल्या रक्तवाहिनीसारख्या. म्हणून त्याची व्हिस्कीची पिंपे गळत नाहीत. तांबड्या ओकच्या वाहिन्या मोकळ्या असतात. त्याचा छोटा तुकडा एका टोकाने पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकले, तर बुडबुडे येतात. स्टिकलीने पांढरा ओक पसंत केला, स्वस्त सामानात तांबडाही भरपूर आढळतो. प्रयोगशाळेत सोडियम नायट्राइटच्या द्रावणाचा थेंब टाकतात. पांढरा ओक काळपट निळा होतो, तांबड्यावर फक्त तपकिरी छटा येते. हे तेच नायट्राइट, जे सायनाइडच्या विषबाधेवर आम्ही शिरेतून देतो. पोटात चुकून गेले तर ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करते. त्यामुळे ही चाचणी घरी करू नये, विशेषतः मुले असलेल्या घरात.

ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. आपल्याकडे बाळगुटीत जे मायफळ उगाळतात, ते ओकच्याच एका जातीवर कीटकामुळे आलेली गाठ असते. तिचा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिनला ओलसर लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळची शाई याच रसायनाने बनत असे. म्हणून जुन्या ओकमध्ये खिळ्याभोवती काळे वलय असते. खिळा चकचकीत आणि भोवतालचे लाकूड स्वच्छ असेल, तर खिळा नंतर ठोकलेला आहे.

खण बाहेर काढा आणि उलटा करा

दर्शनी भाग पाहून फसायला होते. अनुभवी लोक आधी खण पूर्ण बाहेर काढतात. खणाच्या बाजूची आणि पुढची फळी जिथे भेटते, तिथले सांधे सर्वांत जास्त बोलतात. हाताने कापलेल्या डव्हटेलमध्ये प्रत्येक दात थोडा वेगळा असतो आणि सुताराने आखलेली बारीक रेघ दिसते. कारखान्यांत ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली. त्यानंतर एक गमतीदार सांधा येतो. अर्धगोलाकार कापलेली कड आणि प्रत्येक अर्धगोलाच्या मध्ये एक गोल खुंटी. नॅप नावाच्या संशोधकाच्या यंत्राने तो १८७१ पासून बनू लागला आणि १९००च्या सुमारास संपला. हा सांधा दिसला, तर खणाचे वय तीस वर्षांच्या पल्ल्यात बांधता येते. सारख्या मापाचे, एकसारखे यंत्राचे डव्हटेल दिसले, तर साधारण १८९० नंतरचा काळ धरावा.

मग खिळे. चौकोनी छेदाचे, कापून केलेले खिळे साधारण १८९० पर्यंत सर्रास होते. त्यानंतर तारेपासून बनवलेले गोल खिळे आले. अधिकाची खूण असलेला फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकातला. गोल करवतीचे कमानदार ओरखडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सामान्य झाले. खणाचा तळ किंवा कपाटाची पाठ प्लायवूडची असेल, तर विसाव्या शतकात यावे लागते. भुशाचा दाबून केलेला बोर्ड असेल, तर दुसऱ्या महायुद्धानंतर.

कागदी चिठ्ठी चिकटलेली असेल, तर तीही वाचा. पत्त्यात पाच आकडी पिन क्रमांक असेल, तर ती १९६३ नंतरची, कारण अमेरिकेत ती पद्धत त्या वर्षी सुरू झाली. कुलपावर किंवा चाकावर पेटंटची तारीख कोरलेली असेल, तर वस्तू त्या तारखेआधीची असू शकत नाही. मात्र नंतरची असू शकते, कारण पेटंट मिळाल्यावर तो सुटा भाग पुढे कित्येक वर्षे बनत राहतो. दुसऱ्या देशाचे नाव छापलेले आढळले, तर ती १८९०च्या अमेरिकी आयात कायद्यानंतरची.

इथे वैद्यकीय सावधगिरी उपयोगी पडते. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले म्हणून रुग्ण काही नवा होत नाही. एक फिलिप्स स्क्रू म्हणजे नंतरची दुरुस्ती असू शकते. त्याच्या शेजारी जुने रिकामे भोक आहे का ते पाहा. उलट, सगळेच स्क्रू फिलिप्सचे, कुठेही जुने भोक नाही आणि आतल्या न दिसणाऱ्या भागालाही तपकिरी रंग फासलेला, असे असेल तर ती नक्कल. १९७० नंतर गोल्डन ओकची पुन्हा फॅशन आली, तेव्हा अशा खुर्च्या भरपूर निघाल्या. खऱ्या जुन्या सामानात न दिसणारा भाग सहसा रंगवत नसत. तो हवेने आपोआप मळकट तपकिरी होतो, आणि झीजही जिथे हात-पाय लागतात तिथेच असते.

एक पुरावा मात्र बनवायला कठीण. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या जवळपास निम्मेच ते किरणांच्या दिशेने आकसते आणि लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे शंभर वर्षांचे गोल टेबल खरे तर गोल राहत नाही. मोजपट्टीने रेषांच्या दिशेने आणि त्यांना आडवे असे दोनदा मोजा. आडवे माप काही मिलिमीटरने कमी भरते. गोल खुंट्याही अंडाकृती झालेल्या असतात.

आता कोणी विचारेल, कार्बन चाचणी का करत नाहीत? कारण साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या कार्बनचे प्रमाण असे वरखाली झाले की एका मोजमापाला अनेक उत्तरे येतात. वलये मोजून वय काढण्याचे शास्त्रही आहे. ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ते ॲरिझोनात उभे केले. पण त्यासाठी सलग पुष्कळ वलये लागतात, आणि कळते ते झाडाचे वय. टेबल कधी बनले ते त्यातून थेट कळत नाही. शेवटी भिंग, मोजपट्टी आणि खण उलटा करायची तयारी हीच खरी साधने.

वरचा थर कोणता?

१९२० पर्यंत अमेरिकी सामानावर मुख्यतः दोन प्रकारचे थर असत, शेलॅक आणि तेलाचे व्हार्निश. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ स्रवतात, तो गाळून, पातळ पापुद्रे करून चपडा बनतो. झारखंड आणि छत्तीसगड ही त्याची मोठी केंद्रे, आपल्या गोंदियाकडेही लाख निघते. न्यूयॉर्कमध्ये विल्यम झिन्सर याने १८४९ मध्ये शेलॅकचा धंदा सुरू केला. म्हणजे मिशिगनच्या टेबलावरची ती सोनेरी झाक मुळात आपल्याकडच्या जंगलातून गेलेली असण्याची शक्यता दांडगी. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या याच लाखेच्या, आणि औषधाच्या काही गोळ्यांवरचे चकचकीत आवरणही तेच. वाळलेली लाख स्वतः निरुपद्रवी असते.

१९२०च्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आले. ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ १९२३ चे. फवाऱ्याने मारता येणारे आणि झटपट वाळणारे असल्यामुळे कारखान्यांनी ते उचलले. पॉलियुरेथेन दुसऱ्या महायुद्धानंतरचे.

ओळखायचे कसे? न दिसणाऱ्या जागी, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूला, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावा. थर चिकट होऊन बोळ्यावर आला, तर लाख. स्पिरिटने काही झाले नाही, पण लॅकरच्या थिनरने विरघळले, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. ही चाचणी खिडकी उघडी ठेवून आणि विस्तवापासून दूर करा. गरम कपाचे पांढरे डाग हेही बहुधा लाखेचेच लक्षण.

संग्रहालयांत अतिनील दिवा वापरतात. त्याखाली लाख नारिंगी चमकते. आमच्या त्वचारोग विभागात गजकर्ण आणि कोड तपासायला असाच दिवा असतो, त्याला ‘वुड्स लॅम्प’ म्हणतात. त्याचा लाकडाशी संबंध नाही. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचे ते नाव.

स्टिकलीच्या गडद तपकिरी रंगाची गोष्ट वेगळी. तो रंग वरून फासलेला नव्हता. बंद खोलीत तयार सामान ठेवून शेजारी तीव्र अमोनियाची भांडी मांडत. वाफ लाकडात शिरे, टॅनिनशी तिची अभिक्रिया होई आणि लाकूडच तपकिरी बने. तबेल्यातले ओकचे खांब घोड्यांच्या मूत्रातल्या अमोनियाने काळवंडतात, हे पाहून ही कल्पना सुचली असे सांगतात. म्हणून अशा सामानावर बारीक ओरखडा गेला, तरी खाली तपकिरीच दिसते. रंग फासलेल्या नकलेत ओरखड्याखाली फिकट लाकूड डोकावते. हौसेने हा प्रयोग घरी करणारे आजही आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की कारखान्यात वापरतात तो अमोनिया फरशी पुसायच्या द्रवापेक्षा कितीतरी तीव्र असतो. त्याची वाफ बुबुळ जाळते आणि श्वासनलिकेला सूज आणते.

घासण्याआधी थांबा

आता मूळ प्रश्न, अपायाचा. चार गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, भुसा. इंग्लंडमधल्या हाय विकम परिसरात खुर्च्या-टेबलांचे कारखाने होते. तिथे नाकाच्या पोकळीचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग वारंवार दिसतो, हे एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या लक्षात आले. डोनाल्ड ॲचेसन आणि सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा अभ्यास १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ओक आणि बीचसारख्या कठीण लाकडाची धूळ हे कारण पुढे पक्के झाले आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हा आजार वर्षानुवर्षे धुळीत काम केलेल्यांना होतो, एका सुट्टीत टेबल घासणाऱ्याने घाबरून जायचे कारण नाही. दमा असलेल्याला मात्र एक दुपारही पुरते. आणि आपल्याकडच्या सुतारांसाठी हे आवर्जून लिहितो. एकाच नाकपुडीचा चोंदलेपणा आणि त्यातून रक्ताळ स्राव काही आठवडे टिकला, तर सर्दी समजून बसू नका, नाकाची दुर्बीण तपासणी करून घ्या.

दुसरी, शिसे. गोल्डन ओक जुनाट वाटू लागला, तेव्हा अनेक घरांनी त्यावर पांढरा, हिरवा ऑइलपेंट मारला. घरगुती रंगातले आणि रंगवलेल्या सामानातले शिसे अमेरिकेत १९७८ मध्ये बंद झाले. त्याआधीचा रंग शिशाचा आहे असे धरूनच चालावे. भारतात घरगुती रंगातील शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली. असा रंग कोरडा घासला की बारीक धूळ जमिनीवर, खेळण्यांवर आणि तिथून रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. शिसे मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि लहान मुलांसाठी त्याची सुरक्षित पातळी आढळलेली नाही. गर्भवतीच्या रक्तातले शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते. झालेले नुकसान औषधाने भरून निघत नाही, म्हणून इथे प्रतिबंधच महत्त्वाचा.

तिसरी, रंग काढायचे द्रव. पूर्वी यांत मेथिलीन क्लोराइड सर्रास असे. डब्यावर त्याचे नाव डायक्लोरोमिथेन असेही लिहिलेले असते. बंद जागेत त्याच्या वाफेने माणूस बेशुद्ध पडून दगावतो. शिवाय शरीरात त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनते, आणि काम थांबल्यावरही काही तास बनत राहते. हृदयविकार असलेल्याला त्यामुळे छातीत दुखू शकते. कोळशाची शेगडी नाही, गाडीचा धूर नाही, तरी रक्तात कार्बन मोनॉक्साइड कसा, असे कोडे डॉक्टरांना पडते. त्यामुळे तपासायला जाताना ‘मी रंग काढत होतो’ हे सांगायला विसरू नका. अमेरिकेत २०१९ मध्ये असे द्रव सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी आली, पण जुने डबे गॅरेजमध्ये पडलेले असतात. लाख विरघळवायच्या स्पिरिटबाबतही सावध राहा. त्यात मिथेनॉल असू शकते. मिथेनॉलने काय होते, ते मुंबईने २०१५ मध्ये मालवणीत पाहिले आहे, शंभराहून अधिक माणसे गेली. अशी बाटली पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

चौथी गोष्ट आगीची. बेलतेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर तेल हवेतला प्राणवायू घेताना तापते आणि कोणी काडी न लावता पेट घेते. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अशाच चिंध्यांमुळे आग लागली आणि तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. लाक्षागृहाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर आग लावणाऱ्या पुरोचनाचीही गरज नसते. वापरलेल्या चिंध्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

मग करावे काय?

बहुतेक वेळा काहीच काढू नये. जुनी लाख किंवा व्हार्निश शाबूत असेल, तर ओलसर फडक्याला अगदी थोडा सौम्य साबण लावून पुसा, लगेच कोरडे करा आणि मेणाचा पातळ हात द्या. एवढ्यावर शंभर वर्षांचे टेबल सुंदर दिसते. संग्राहकांच्या बाजारातही मूळ थर असलेल्या वस्तूलाच जास्त मान आहे. घासून नवी केलेली वस्तू आपला पुरावाही गमावते आणि किंमतही. लाखेचा थर खराब झाला असेल, तर तो पूर्ण न काढता स्पिरिटमध्ये भिजवलेल्या ब्रशने विरघळवून पुन्हा सारखा करता येतो.

वर रंग मारलेला असेल, तर आधी शिशाची तपासणी करून घ्या आणि काढायचे काम प्रशिक्षित माणसाकडे, घराबाहेर द्या. कोरडे घासणे आणि गरम हवेच्या यंत्राने जाळणे, दोन्ही टाळा. कच्च्या लाकडाला पॉलिश पेपर लावायचाच असेल, तर बाहेर लावा, चांगला बसणारा एन-९५ मास्क घाला, आणि कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नका. गर्भवती आणि मुले त्या वेळी दूर असावीत. घरात आधीच घासकाम झाले असेल, तर मुलाच्या रक्तातले शिसे तपासून घ्या. अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक आले, तर पाठपुरावा करतात.

जुन्या पाळण्याबद्दल मात्र माझे उत्तर ठाम आहे, बाळाला त्यात झोपवू नका. अमेरिकी नियमाप्रमाणे दोन दांड्यांमधले अंतर सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. हा नियम १९७०च्या दशकातला आहे, त्याआधीच्या पाळण्यांत फट मोठी असते. त्यातून बाळाचे अंग निसटते आणि डोके अडकते. खालीवर सरकणारी बाजू असलेल्या पाळण्यांवर २०११ पासून बंदी आहे. जड जुने कपाट घेतले असेल, तर ते भिंतीला पक्के बांधा. मूल खणांच्या पायऱ्या करून चढते आणि कपाट अंगावर येते.

पाळण्यात जुनी पुस्तके रचा, घड्या केलेल्या रजया ठेवा. बाळासाठी साधा, आजच्या मापाचा नवा पाळणा घ्या. आणि टेबल घेणार असाल, तर विकत घेण्याआधी खण बाहेर काढून उलटा करून पाहा. विकणारा त्याला नाही म्हणत असेल, तर पुढच्या घरी जा.